१२ तासांची शिफ्ट आणि १०० पीपीएमची मर्यादा: ग्रॅव्ह्युअर छपाईतल्या टोल्युइनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत मसाला, फरसाण आणि वेफर्सच्या पाकिटांची फिल्म छापणारा हा कारखाना. नाव, गाव आणि माणसांची ओळख पटेल असा तपशील इथे गाळला आहे. आठ रंगांचं एक रोटोग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या रोळांनी छापणारं) मशीन, त्याला लागून इंक रूम, पलीकडे लॅमिनेशन आणि पार्टिशनमागे पाऊच विभाग. पाऊच विभागात बहुतेक बायका. छपाईला १२ तासांच्या दोन शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस. रजिस्टरवर हे ८ तास अधिक ४ तास ओव्हरटाइम असं लिहिलं जायचं. ते कायद्यात कितपत बसतं हा वाद वेगळा. शरीरात मात्र १२ तासांचंच टोल्युइन, म्हणजे शाई पातळ करायच्या सॉल्व्हंटची वाफ, जातं.

शाई पातळ करायला टोल्युइन, इथाइल ॲसिटेट आणि आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) यांचं मिश्रण वापरात होतं. शाई किती पातळ हे बी-४ कपातून ती गळायला लागणाऱ्या वेळावर मोजतात; ती १७-१८ सेकंदांवर ठेवायची असते. ट्रे उघडा असला की सॉल्व्हंट उडतं, शाई घट्ट होते आणि हेल्पर बादलीतून पुन्हा सॉल्व्हंट ओततो. म्हणजे दर ओतण्यागणिक जेवढं उडालं तेवढं हॉलच्या हवेत गेलं. ड्रायरची हवा डक्टमधून बाहेर जाते, ट्रेवरची जात नाही.

खरं गलिच्छ काम धुण्याचं. जॉब बदलला की आठही ट्रे, डॉक्टर ब्लेड (जास्तीची शाई पुसणारं पातं), पंप आणि पाइप धुवायचे. त्यासाठी उभा कापलेला २०० लिटरचा बॅरल आडवा ठेवून त्याची न्हाणी केलेली. हेल्पर त्यात कमरेतून वाकतो, ब्रश आणि चिंध्यांनी शाई खरवडतो, तोंड द्रवापासून हात-दीड हातावर. हातात लेटेक्सचे हातमोजे. ते दहा मिनिटांत फुगून लिबलिबीत व्हायचे, मग हेल्पर ते काढून टाकून उघड्या हातांनी काम उरकायचा. एका शिफ्टला अशी चार धुणी, प्रत्येक साधारण १५ मिनिटांचं.

काय घडलं

फेब्रुवारीतल्या एका रात्री, पावणेचारच्या सुमारास, तिसरं धुणं उरकून हेल्पर पायरीवर बसला. जीभ जड झालेली, चालताना तोल जात होता. सुपरवायझरला वाटलं पोरगा पिऊन आलाय. वॉचमनला बोलावून त्याच्या तोंडाचा वास घ्यायला लावला आणि त्याला घरी धाडलं. दारूचा वास नव्हता, पण हॉलमध्ये इतका थिनरचा वास की तो ओळखूही आला नसता. टोल्युइनची तीव्र बाधा दारूच्या नशेसारखीच दिसते: बडबड, झोकांड्या, मळमळ, मग डोकेदुखी. मोकळ्या हवेत तास-दोन तासांत उतरते, म्हणून कुणी नोंद करत नाही.

पुढच्या पंधरवड्यात हाच प्रकार आणखी दोघांच्या बाबतीत निघाला. जुन्या ऑपरेटरची तक्रार वेगळी होती. घरचे म्हणायचे, टीव्ही फार मोठ्याने लावतो. गावातल्या डॉक्टरांनी तिघांनाही ॲसिडिटीची आणि ताकदीची औषधं दिली. डॉक्टरांची चूक म्हणावी तर पेशंटने 'छपाईत आहे' एवढंच सांगितलं होतं. सॉल्व्हंटचं नाव ना पेशंटला माहीत, ना चिठ्ठीवर. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या रोगांमध्ये बेंझिन आणि त्याच्या सजातीय (त्याच कुळातल्या) संयुगांची विषबाधा होती. टोल्युइन हे बेंझिनचं सजातीय संयुग. कलम ८९ प्रमाणे तपासणाऱ्या डॉक्टरनेही ते मुख्य निरीक्षकांना कळवायचं असायचं. नावच माहीत नसेल तर कोण काय कळवणार.

पहिली मोजणी आणि पहिली चूक

मालकांनी लॅब बोलावली, हे चांगलं केलं. लॅबने हॉलच्या मध्यभागी स्टँडवर, दीड मीटर उंचीवर हवेचा नमुना घेणारा पंप लावला. दिवसाची शिफ्ट, तीन रंगांचा जॉब, धुणं नाही, नमुना दोन तासांचा. निकाल २८ पीपीएम (दहा लाख भाग हवेत २८ भाग वाफ). अहवालात लिहिलं: 'अनुज्ञेय मर्यादा १०० पीपीएम, मर्यादेत.' फाइल बंद.

तो आकडा खोटा नव्हता. फक्त तो स्टँडचा आकडा होता, माणसाचा नव्हता. सॉल्व्हंटच्या बाबतीत हॉलची हवा आणि वाकून धुणाऱ्याच्या नाकाजवळची हवा यांत दहापटींचा फरक सहज पडतो. कामगारांनी तो अहवाल वाचला आणि त्यांचा मोजणीवरचाच विश्वास उडाला. पुढे पंप अंगावर लावायला दोघांनी आधी नकार दिला तो त्यामुळेच.

दुसरी मोजणी

तिसऱ्या महिन्यात बाहेरचे औद्योगिक आरोग्य सल्लागार आले. त्यांनी आधी एक पूर्ण रात्र पाळीसोबत काढली आणि कोण कुठे किती वेळ असतो ते लिहून काढलं. मग कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, कोळशाच्या ट्यूबा लावल्या. मिनिटाला ०.०२ लिटर हवा, दर चार तासांनी नवी ट्यूब. एकच ट्यूब १२ तास ठेवली तर कोळसा भरून वाफ मागच्या भागात जाण्याची भीती असते. मागच्या भागात पुढच्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त सापडलं तर तो नमुना टाकून द्यायचा. धुण्यासाठी १५ मिनिटांच्या स्वतंत्र ट्यूबा, जास्त प्रवाहावर.

हेल्परच्या रात्रीचा हिशेब असा निघाला. धुणं १ तास, सरासरी ३४० पीपीएम. इंक रूममध्ये शाई कालवणं ३ तास, ९५ पीपीएम. मशीनजवळ साडेसहा तास, २९ पीपीएम. जेवण, चहा आणि बाहेर दीड तास, २ पीपीएम. वेळेने गुणून बेरीज ८१६, भागिले १२, म्हणजे ६८ पीपीएम. ऑपरेटरची सरासरी ४६ निघाली. पाऊच विभागात ६.

या बेरजेतला ३४० चा वाटा पाहा. बारापैकी एक तास, आणि रात्रभरातल्या एकूण मात्रेच्या ४० टक्क्यांहून जास्त. पुढचे सगळे निर्णय या एका ओळीवर उभे राहिले.

मालकांचा पहिला प्रश्न साहजिक होता: "सर, ६८ म्हणजे १०० च्या आतच ना?"

कोणती मर्यादा धरायची

त्याच कारखाने अधिनियमाचं कलम ४१-एफ आणि दुसरी अनुसूची टोल्युइनसाठी ८ तासांची सरासरी १०० पीपीएम आणि १५ मिनिटांची मर्यादा १५० पीपीएम देत होती. हे कलम प्रक्रिया धोकादायक असो वा नसो, दोन्हींना लागू होतं. छपाई 'धोकादायक' यादीत नाही, ही सबब इथे चालत नव्हती. अल्पकाळाच्या मर्यादेसोबत अटही होती: दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, आणि दोन वेळांमध्ये किमान ६० मिनिटांचं अंतर. म्हणजे ६८ च्या सरासरीवर कितीही वाद घाला, ३४० हे कायद्याचं सरळ उल्लंघन होतं. मालकांची बोलती इथे थांबली.

सरासरीची मर्यादा ८ तासांसाठी आहे. १२ तासांत वाफ जास्त वेळ आत जाते आणि शरीराला ती बाहेर टाकायला १६ ऐवजी १२ तासच मिळतात. ब्रीफ-स्काला पद्धतीने गुणक येतो ८/१२ गुणिले १२/१६, म्हणजे निम्मा. १०० चे ५० झाले. हेल्पर ६८ वर, ऑपरेटर ४६ वर काठावर.

शिवाय १०० हा आकडाच जुना आहे. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्याच्या संस्थेने २००७ पासून २० पीपीएमची मर्यादा धरली आहे, ती दृष्टी, श्रवण आणि गर्भपात यांच्या आधारावर. त्याच अमेरिकेत ओशाची (कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा) कायदेशीर मर्यादा अजून २०० आहे, हेही मालकांनी शोधून काढून दाखवलं. चर्चेअंती ठरलं: कायद्याचं पालन १५० आणि ५० वर तातडीने, पण नवी यंत्रणा २० डोळ्यासमोर ठेवून आखायची. शीट-मेटलचं काम दोनदा करायचं नाही, हे कारण मालकांना आरोग्यापेक्षा जास्त पटलं. असो.

अनपेक्षित सापडलेलं बेंझिन

धुण्याचं सॉल्व्हंट वेगळं, स्वस्तातलं, रिसायकल केलेलं होतं. बिलावर 'वॉश थिनर'. सल्लागारांनी लॅबला तोच क्रोमॅटोग्राम (नमुन्यातले घटक वेगळे दाखवणारा आलेख) पुन्हा वाचायला सांगितला, कारण आधी फक्त टोल्युइन मागितलं होतं. धुण्याच्या ट्यूबमध्ये बेंझिन ४.८ पीपीएम निघालं. आपल्या अनुसूचीत त्याची १५ मिनिटांची मर्यादा २.५ आणि ८ तासांची ०.५.

द्रवात बेंझिन अर्धा टक्काही नव्हतं. पण ते टोल्युइनपेक्षा तिपटीहून जास्त वेगाने वाफ होतं, म्हणून वाफेत त्याचं प्रमाण त्या पटीत वाढतं. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, यावर वाद नाही. हा निर्णय एका दिवसात झाला: वॉश थिनरचे सगळे बॅरल परत, आणि यापुढे प्रत्येक लॉटला बेंझिनचं प्रमाण लिहिलेलं प्रमाणपत्र. संपूर्ण प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फायदा देणारा निर्णय हाच.

पर्याय आणि त्यांची तपासणी

भिंतीवर आणखी पंखे. सगळ्यांना आधी हेच सुचतं. हिशेब करून पाहिला. १ लिटर टोल्युइनची वाफ सुमारे ०.२३ घनमीटर. ती ५० पीपीएमपर्यंत विरळ करायला ४,६०० घनमीटर हवा. धुण्याच्या एका तासात ३ लिटर उडतं असं धरलं आणि हवा नीट मिसळत नाही म्हणून चारपट घेतली, तर ५५,००० घनमीटर. हॉल २,७०० घनमीटरचा. म्हणजे तासाला २० वेळा हॉलची सगळी हवा बदलायची. तेवढ्या वाऱ्यात धूळ फिल्मवर बसते आणि रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हलतं, ऑपरेटर दुसऱ्या दिवशी पंखे बंद करतो. इथे आधीचे दोन पंखे तसेच बंद सापडले होते.

याच संदर्भात एक गैरसमज. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड, म्हणून ती जमिनीवर साचते आणि पंखा खाली लावावा, असं सर्रास सांगतात. बॅरलच्या तोंडाशी किंवा सांडलेल्या द्रवावर ते खरं आहे. पण ३०० पीपीएमच्या हवेची घनता साध्या हवेपेक्षा एक सहस्रांशानेही वेगळी नसते. ती हवेच्या झोताबरोबर जाईल तिकडे जाते, नाकाकडेही.

मास्क. हेल्पर कापडी रुमाल आणि एन-९५ वापरत होते. दोन्ही धुळीसाठी, वाफेसाठी शून्य. तपकिरी पट्ट्याच्या ए प्रकारच्या कार्ट्रिजचा अर्धमुखी मास्क नीट बसला तर दहापट संरक्षण देतो. पण दाढी असेल तर बसत नाही, आणि कार्ट्रिज इंक रूममध्ये खुंटीला अडकवलं तर रात्रभरात तिथेच भरून जातं. ५०० पीपीएमला तर जीवाला तात्काळ धोका धरतात, तिथे हा मास्क चालत नाही. म्हणून मास्क फक्त हूड (जागेवरच वाफ ओढून घेणारा खोका) बसेपर्यंत, फक्त धुण्यासाठी, कार्ट्रिज रोज नवं आणि झाकणाच्या डब्यात.

माणसं फिरवणं. धुणं चौघांत वाटलं तर सरासरी खाली येते. ३४० ची उसळी मात्र जो वाकेल त्याला तेवढीच. नाकारलं.

शाई बदलणं. टोल्युइन आणि कीटोन नसलेल्या, धंद्यात 'एनटीएनके' म्हणतात त्या शाया. खाद्यपदार्थांच्या पाकिटांच्या शाईसाठीचं भारतीय मानक आयएस १५४९५ याच्या २०२० च्या आवृत्तीने टोल्युइन वगळायला सांगितल्यावर मोठे ग्राहक ही मागणी करतच होते. अडचणी खऱ्या होत्या: शेड पुन्हा जुळवायची, ग्राहकाची मंजुरी, ड्रायरचं तापमान, काही जॉबवर वेग कमी. आणखी एक सावधगिरी. इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकेल असं किमान तापमान) उणे ४ अंश, टोल्युइनचा ४. आरोग्याचा धोका कमी होतो, आगीचा नाही.

बंदिस्त धुणं आणि जागेवरचं शोषण. पैशाने सर्वांत महाग, परिणामाने सर्वांत खात्रीचं. हे आणि शाई बदलणं, दोन्ही एकत्र करायचं ठरलं.

काय केलं

पहिल्या आठवड्यात फुकटातली कामं: प्रत्येक ट्रेवर पत्र्याचं झाकण, बादल्यांना झाकण, भिजलेल्या चिंध्यांना पायाने उघडणारा लोखंडी डबा, धातूच्या भांड्यांना अर्थिंगची क्लिप. टोल्युइन ओतताना स्थिर वीज साठवतं, प्लॅस्टिकच्या बादलीतून तर हमखास. लेटेक्सऐवजी बहुस्तरीय लॅमिनेटचे हातमोजे. साधे नायट्राइलचेही टोल्युइनमध्ये काही मिनिटांतच झिरपतात.

धुण्यासाठी हूड बांधला. तोंड १.२ मीटर रुंद, ०.६ मीटर उंच, तोंडाशी हवेचा वेग ०.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला सुमारे १,३०० घनमीटर. फ्लेमप्रूफ मोटर, डक्ट छपराच्या वर.

पहिल्या दिवशी वेग मोजला तर ०.२२. मोटर ठीक, पंखा ठीक. धुराची नळी धरली तेव्हा कळलं: खोलीचं दार बंद, हवा आत येणार कुठून? जेवढी हवा बाहेर काढायची तेवढी आत यायला वाट हवी, हे ड्रॉइंगमध्ये राहून गेलं होतं. समोरच्या भिंतीत लूव्हर (हवा आत येण्याच्या फटी) बसवले, डक्टमधली चारपैकी दोन वळणं काढली. वेग ०.५ च्या आसपास आला. तरी पहिल्या नमुन्यात ११० पीपीएम. कारण जुना बॅरलच हूडखाली ठेवलेला, त्यात वाकताना माणसाचं डोकं द्रव आणि शोषणाच्या मध्ये यायचं. बॅरल काढून कमरेच्या उंचीची उथळ स्टीलची ट्रॉली दिली आणि शोषणाची फट मागच्या बाजूला घेतली. मग हेल्पर ताठ उभा राहिला आणि वाफ त्याच्यापासून दूर जाऊ लागली.

इंक रूम आणि धुण्याच्या कामाला ८ तासांच्या तीन पाळ्या केल्या. ऑपरेटर १२ वरच राहिले.

वैद्यकीय तपासणीत एक घोळ झाला. लॅबने जुन्या सवयीने लघवीतलं हिप्युरिक ॲसिड तपासलं, जे शरीरात टोल्युइनपासून होतं. तिघांचं जास्त आलं, त्यात हिशेब विभागातला एक कारकून, ज्याचा टोल्युइनशी संबंध नाही. बाजारचं लोणचं, सॉस, कोल्ड्रिंक यांतलं सोडियम बेंझोएट शरीरात हिप्युरिक ॲसिडच होतं. कारकुनाच्या टेबलाखाली रिकाम्या बाटल्या होत्या. टोल्युइन कमी असताना ही चाचणी काहीच सांगत नाही. नंतर शिफ्ट संपताना लघवीतलं ऑर्थो-क्रेसॉल तपासलं, तेही टोल्युइनपासूनच होतं. त्यालाही सिगारेटने फरक पडतो, म्हणून बिडी-सिगारेटची नोंद घेतली. ऑडिओमेट्रीत (श्रवणचाचणीत) ऑपरेटरच्या दोन्ही कानांत वरच्या वारंवारतेचं श्रवण कमी आढळलं. हॉलचा आवाज ८७ डेसिबल, कायद्याच्या ९० च्या आत. पण टोल्युइन कानाला स्वतंत्रपणे इजा करतं आणि गोंगाटासोबत ती वाढते. दोन्ही 'मर्यादेत' असून कान गेले ते असे.

परिणाम

पाच महिन्यांनी पुन्हा मोजणी. धुणं ३८ पीपीएम, हेल्परची ८ तासांची सरासरी १९, ऑपरेटरची १२ तासांची २१. बेंझिन मोजता येण्याच्या पातळीखाली. जॉबपैकी निम्मे नव्या शाईवर गेले होते. गरगरण्याची तक्रार नंतर नोंदली गेली नाही. त्या रात्रीचा हेल्पर मात्र नोकरी सोडून गेला होता. 'पिऊन आला' हा शेरा त्याच्या कार्डावरून कुणी खोडला नव्हता. तो नंतर, सल्लागारांच्या आग्रहाने, खोडला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, रात्रपाळीला विचारता आलं असतं. कोणत्या कामात डोकं धरतं हे हेल्परांना नेमकं माहीत होतं. 'वास येतोय का' हा प्रश्न मात्र निरुपयोगी, कारण नाक काही मिनिटांत सरावतं. पहिली मोजणी स्टँडऐवजी अंगावर आणि धुण्याच्या वेळी झाली असती तर अडीच महिने आणि कामगारांचा विश्वास, दोन्ही वाचलं असतं. लॅबला काम देताना 'सॉल्व्हंट तपासा' असं न म्हणता प्रत्येक घटकाचं नाव आणि बेंझिन लिहून द्यायला हवं होतं. प्रत्येक कामगाराच्या खिशात सॉल्व्हंटचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिली असती तर गावच्या डॉक्टरांनी कदाचित वेगळा विचार केला असता. ती आता दिली जाते, मराठीत आणि हिंदीत.

बदल करण्याआधीची ऑर्थो-क्रेसॉलची नोंद नाही, त्यामुळे शरीरातली घट आकड्यात दाखवता येत नाही. कान तपासायला दहा वर्षं उशीर झाला होता.

ऑपरेटरचा प्रश्न सुटलेला नाही. २१ हा आकडा कायद्याने निर्धोक, पण २० ची मर्यादा १२ तासांना निम्मी केली तर १० येते आणि तो तिच्या दुप्पट आहे. उरलेल्या जॉबची शाई बदलायला दोन ग्राहकांची मंजुरी बाकी आहे. ऑपरेटरना ८ तासांवर आणायला आणखी दोन माणसं लागतील आणि ओव्हरटाइम जाईल म्हणून ती सूचना खुद्द ऑपरेटरांनीच नाकारली. श्रवण गेलेल्या ऑपरेटरला स्लिटिंगवर (फिल्म कापण्याच्या कामावर) हलवलं आहे, पगार तोच ठेवून. त्याची पुढची ऑडिओमेट्री सहा महिन्यांनी.